घोंगड्याचा कोपरा

आमच्या गल्लीत तान्हं मूल किरकिरायला लागलं की त्याची आई आधी अनसाबाईंच्या दारात जायची. कोपऱ्यावर लहान मुलांचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे शिक्रापूर-रांजणगावहून माणसं येऊन रांगेत थांबतात, पण आमच्याकडची पहिली पायरी अनसाबाईंची. त्या मुठीत मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत हात उतरवायच्या, ओठ हलवत काहीतरी पुटपुटायच्या आणि मूठ निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका उठला नाही की म्हणायच्या, लई वंगाळ लागली व्हती. ठसका उठला तरी बाळ बहुधा झोपायचंच, कारण ओवाळून झाल्यावर त्या त्याला मांडीवर घेऊन पाऊण-पाऊण तास थोपटायच्या. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली, नजर लागते वगैरे मी मानत नाही. पण माझी दोन्ही मुलं त्याच मांडीवर थोपटून घेत मोठी झाली, हेही खरं.

अनसाबाई मूळच्या दौंड तालुक्यातल्या, भीमेपासून लांब पडलेल्या एका कोरड्या गावच्या. घरात मेंढरं. लग्न झालं तेही मेंढरांच्याच घरात. पुढे कधीतरी कळप विकला, नवरा ज्ञानूआबा शेतीला लागले, आणि मुलगा शंभू रांजणगावच्या कंपनीत चिकटल्यावर सगळं बिऱ्हाड शिरूरला आलं. त्यांना शिरूरला येऊन वीस वर्षं झाली, पण त्या अजून जमिनीवर घोंगडं टाकूनच झोपतात आणि चालतात अशा, की पुढे अजून सहा कोस जायचे आहेत.

त्यांची मोजणी मला फार आवडते. आकडे त्यांना जेमतेम येतात. तरी हळदीकुंकवाला बायका बसल्या की दारातून एकदा नजर फिरवून त्या सांगतात, 'एक कमी हाय,' आणि खरंच कोणीतरी मागे मोरीत पाय धूत असते. मी विचारलं होतं, कसं कळतं? त्या म्हणाल्या की मेंढरं मोजायची नसतात, बघायची असतात. बघितलं की जी न्हाई ती दिसती.

आणि एक गोष्ट अशी, की ज्यावरून आम्ही सगळ्या त्यांना चिडवायचो. अनसाबाई फोटोला उभ्या राहत नाहीत. मोबाइल वर झाला की त्यांची पाठ फिरली. आधार कार्डाच्या वेळी डोळे गच्च मिटून बसल्या, तिथल्या पोराने चार वेळा काढला तेव्हा कुठे अर्धे उघडे डोळे आले. आमच्या समोरची सविता, जिची जीभ कधी स्वस्थ नसते, ती म्हणायची, 'माझ्याकडे मावशींच्या पाठीचे सतरा फोटो आहेत. अंबाडा बघून ओळखायचं.' बाळाचा फोटो कोणी काढायला लागलं तर मात्र त्या पाठ फिरवायच्या नाहीत. पुढे होऊन बाळाच्या तोंडावर हात धरायच्या. काही सुनांना त्याचा राग यायचा.

कारण मला कळलं ते ज्ञानूआबा गेले त्या थंडीत. आम्ही दोघी माझ्या ओट्यावर मटार सोलत होतो. शंभू दहाव्यासाठी वडिलांचा चांगला फोटो शोधत होता आणि सापडत नव्हता. त्यावरून विषय निघाला, आणि हातातली शेंग तशीच धरून त्या बोलायला लागल्या.

त्यांना पहिली मुलगी झाली होती, सुंदरा. वीस वर्षांच्या असताना. दिवाळी झाली की त्यांचा सात घरांचा तळ मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणाकडे निघायचा. पुरुष कळपामागे, आणि बायका घोड्यांवर संसार लादून पुढे, कारण मुक्कामाला आधी पोचून चूल पेटवायची असते. नऊ महिन्यांची सुंदरा घोडीच्या ओझ्यावर घोंगड्याच्या खोबणीत बांधलेली असायची. पोर दोन दिवस किरकिरत होती, अंग थोडं कढत होतं. दात येत असतील असं सासू, विठाबाई, म्हणाल्या होत्या. घाटाच्या अलीकडे एक मोठं शहर लागायचं. त्याच्या वेशीपाशी कोट घातलेला एक माणूस तीन पायांचा कॅमेरा मांडून उभा होता. त्याने हात वर करून थांबायला सांगितलं. अनसाबाई थांबल्या, का थांबल्या ते त्यांना आजही सांगता येत नाही. मग एकदम आठवलं, की लेकराचं चित्र उतरू द्यायचं नसतं, नजर बसते. त्यांनी घोंगड्याचा कोपरा सुंदराच्या तोंडावर ओढायला हात टाकला, आणि तेवढ्यात त्या माणसाचं काम झालं होतं.

मागून येणाऱ्या विठाबाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, तुझा हात उशिरा पोचला.

त्या रात्री ताप चढला. तळ थांबत नाही. मेंढरांना एका जागी दोन दिवसांचा चारा नसतो. सहाव्या दिवशी घाट उतरून खाली आल्यावर सुंदरा गेली. वाटेकडेच्या आंब्याखाली तिला ठेवलं, वर दगड रचले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घोडी लादली. विठाबाई जिवंत असेपर्यंत दर दिवाळीला, तळ निघायच्या वेळेला, ते एक वाक्य म्हणायच्या. भांडण म्हणून नाही. आज अमावस्या आहे, असं सांगावं तसं.

'पापणी लवायच्या येळाचा उशीर,' अनसाबाई मला म्हणाल्या. 'झाला का न्हाई झाला, येवढंच कुणीतरी सांगाया पायजे व्हतं.' मग थोड्या वेळाने, मटार पुन्हा सोलायला घेऊन, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला जास्त लागली. सुंदराचं तोंड त्यांना आता आठवत नाही. आठवायला गेलं की शंभूचं लहानपणचं तोंड येतं आणि तिच्या अंगावर बसतं.

गेल्या जानेवारीत आम्ही सात जणी समुद्र बघायला गेलो. ही धनश्रीची कल्पना. धनश्री आमच्या गल्लीतली सगळ्यात लहान सून, घरी शिकवण्या घेते, आणि तिच्या फोनमध्ये महाराष्ट्रातलं प्रत्येक बघण्यासारखं ठिकाण साठवलेलं आहे. दोन दिवस, एक रात्र, रविराज नावाच्या ड्रायव्हरची बारा सीटची गाडी. अनसाबाई येतील असं कोणाला वाटलंच नव्हतं. पण धनश्री माझ्या घरात रस्ता सांगत होती तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गाडी घाट उतरती का. मग घाटाचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, म्या बी येते.

त्या कशासाठी येत होत्या ते सात जणींत मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

पहाटे शिक्रापूरच्या ट्रकच्या रांगेत अडकलो तिथपासून सविताचं तोंड सुरू झालं ते घाटापर्यंत. अनसाबाई खिडकीशी बसून होत्या. शेवटचं वळण उतरल्यावर त्यांनी रविराजला हळू घ्यायला सांगितलं. त्याने घेतली. रस्ता चौपदरी झालेला. डाव्या हाताला पेट्रोल पंप, नाश्त्याचं हॉटेल, उसाच्या रसाच्या टपऱ्या. आंबा कुठेच नव्हता. एके ठिकाणी त्या उतरल्या. मीही उतरले. ट्रक जात होते, त्यांचा पदर उडत होता. त्या म्हणाल्या, हितं न्हाई, पुढं असंल. पुढे पुन्हा उतरल्या. मग गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'चला.' सविताने विचारलं, मावशी, काय हरवलं? त्यांनी उडालेला पदर खोचला, आणि सविताने, नवल म्हणजे, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

समुद्रावर त्यांनी पाय भिजवले. बाकी सगळा वेळ आम्हाला मोजत होत्या, लाटेत कोणी जाते का म्हणून.

परतताना दुपारी घाटाच्या वरच्या त्याच मोठ्या शहरात जेवायला थांबलो. शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिथल्या कोणाचाही दोष नाही. जेवण झाल्यावर धनश्रीने फोन दाखवला. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय तीन वर्षं बंद ठेवून नवं केलं होतं, नुकतंच उघडलं होतं, आणि हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर होतं. सविता म्हणाली, 'जुनं बघायला इतक्या लांब कशाला? माझ्या सासूबाई घरी आहेत.' तरी गेलो. ऊन होतं, आणि आत एसी आहे असं धनश्रीने सांगितलं होतं.

दारात आम्ही सातही जणींनी चपला काढल्या. चकचकीत फरशी, दिव्यांचा मंद उजेड आणि आतली शांतता बघून ते हातून आपोआप झालं. पहारेकरी हसून म्हणाला, घाला चपला, इथे चालतात. अनसाबाईंनी मात्र घातल्या नाहीत, हातात धरल्या.

नवं काम खरंच सुंदर होतं. खोल्या अंधाऱ्या, उजेड फक्त वस्तूवर. ताम्रपट, वजनं-मापं, शहराचा मातीचा नकाशा. एका काचेमागे पाटा-वरवंटा, उखळ आणि जातं होतं. सविता तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, हे जर इतिहासात गेलं असेल तर माझ्या मोरीत काय आहे? आम्ही इतक्या हसलो की एक कर्मचारी मुलगी आमच्याकडे आली. मला वाटलं, आता रागावणार. ती म्हणाली की हे ती आमच्या नावाने लिहून ठेवते. तिचं नाव ऋतिका. पंचविशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, आणि प्रत्येक वस्तूबद्दल अशी बोलायची, जणू ती तिच्या मामाकडूनच आली आहे.

शेवटचं दालन रस्त्यांचं होतं. शहरातून कोण कोण गेलं: बैलगाड्यांचे तांडे, यात्रेकरू, पलटणी. ऋतिकाने सांगितलं की शहरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याच्या नातवाने आजोबांच्या पेट्याच्या पेट्या देऊन टाकल्या होत्या. त्या आजवर गोदामात पडून होत्या. नूतनीकरणात पहिल्यांदाच त्यातले फोटो मोठे करून लावले, काही तर भिंतीएवढे.

अनसाबाई दालनाच्या मधोमध उभ्या राहून सवयीने आम्हाला बघत होत्या. एक कमी हाय, म्हणाल्या. धनश्री बाजूच्या खोलीत चित्रफीत बघत राहिली होती. तिला शोधायला त्या वळल्या आणि तिथेच थांबल्या.

समोरच्या भिंतीवर एक घोडी होती.

'घोडी आमची हाय,' त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, बाजारात ओळखीचं कोणी दिसावं तशा. 'कपाळावर अर्दा चांद. डाव्या कानाला चीर.' मग त्यांनी खाली बघितलं. घोडीच्या पायाशी एक कुत्रं होतं, मान वळवलेलं. 'ह्यो मोत्या.' आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, 'ही बाई कोण?'

घोडीचा कासरा धरून एक उंच, सडसडीत मुलगी उभी होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईच्या हनुवटीवर तेच तीन ठिपके होते, आता सुरकुतीत बुडालेले. वयाच्या विसाव्या वर्षी आपण कशा दिसत होतो ते अनसाबाईंना माहीतच नव्हतं. तळावर आरसा असलाच तर तळहाताएवढा.

मी सांगितलं. त्यांनी त्या मुलीकडे थोडा वेळ पाहिलं, फारसं कौतुक न करता. मग त्यांची नजर त्या मुलीच्या हातावर गेली, आणि हातातल्या चपला कधी गळल्या ते त्यांना कळलं नाही.

एक हात कासऱ्यावर. दुसरा वर, घोडीच्या ओझ्यावर. त्या हातात घोंगड्याचा कोपरा.

त्या भिंतीपर्यंत गेल्या आणि बोट लावलं. पहारेकरी पुढे झाला, ऋतिकाने त्याला हाताने थांबवलं. अनसाबाई माझ्याकडे वळल्या.

'ताई, तुमची नजर चांगली हाय. बघा. तिचं तोंड दिसतंय का?'

मी अगदी जवळ जाऊन बघितलं. कोपरा पूर्ण खाली आलेला होता. त्याच्याखाली नुसता एक गोल फुगवटा, आणि दुसऱ्या टोकाला, ओझ्याच्या दोरीशेजारी, एक इवलं पाऊल. पायात वाळा. बाकी काही नाही. मी म्हणाले, 'नाही दिसत, मावशी. पूर्ण झाकलंय.'

'नीट बघा.'

एव्हाना धनश्री आली होती. तिने फोनमध्ये फोटो घेऊन दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. राखाडी ठिपके दिसेपर्यंत. नव्हतंच दिसत.

अनसाबाई भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या. पहिल्यांदा त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी कधी पाहिला नव्हता; सगळ्या सुरकुत्या सैल पडल्यासारखा. 'म्हंजी येळंवर पोचला व्हता हात,' त्या म्हणाल्या. 'माझी सासू खोटं बोलली. मेली तवर खोटं बोलली.' मग मान वळवून वर, त्या पावलाकडे बघत राहिल्या. आणि सैल पडलेलं ते सगळं हळूहळू पुन्हा आवळत गेलं. मला कळलं. मटार सोलताना सांगितलेली दुसरी गोष्ट. सबंध जगात त्या मुलीचं चित्र एकच, आणि त्यातलं तिचं तोंड आईच्याच हाताने झाकलेलं. हात उशिरा पोचला असता तर आज दिसलं असतं.

मी बाकीच्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सविता येऊन त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि त्यांच्या चपला उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या.

ऋतिकाचे डोळे भरले होते, पण ती कामाची मुलगी. फोटोखालची पाटी तिने वाचून दाखवली: मेंढपाळ स्त्री, घोडी, कुत्रा आणि प्रपंचाचे सामान. ठिकाण व वर्ष निश्चित नाही.

'एक कमी हाय,' अनसाबाई खालूनच म्हणाल्या.

ऋतिका म्हणाली की ती पाटी बदलून घेईल. आजी सांगतील तसं लिहील, फक्त शक्य तेवढी खात्री करून घ्यायला हवी. ती वही घेऊन आली. नाव, गाव. मुलीचं नाव, सुंदरा. वर्ष अनसाबाईंना सांगता येईना. मी हिशेब केला: शंभू बेचाळीसचा, त्याच्या आधी चार-साडेचार वर्षं, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची दिवाळी. ऋतिका म्हणाली की तेव्हा शहराला दोन वेशी उरल्या होत्या, उत्तरेची आणि पश्चिमेची. आता एकही नाही. यातली कोणती ते मागच्या दुकानांवरून कळेल, पण फोटोत मागचं बरंच धूसर आहे.

आणि इथे मी पुढे झाले.

मला राहवलंच नाही. बी.ए.ला इतिहास होता तो कुठे कामाला आला नव्हता. पोळ्या लाटताना त्याचा काय उपयोग. आज कोणीतरी फोटोतलं काही ओळखायला सांगत होतं आणि माझी नजर चांगली आहे हे नुकतंच अनसाबाईंनी सर्वांसमोर म्हटलं होतं. मी चष्मा पुसला. घोडीच्या चिरलेल्या कानामागे एक पाटी अर्धी दिसत होती. अक्षर-अक्षर लावत गेले. 'न... ग... र... पुढे कान आलाय... पालिका... नगरपालिका दवाखाना!' मी मोठ्याने म्हणाले. खाली बारीक ओळ होती तीही लावली. 'लहान मुलांची तपासणी, सकाळी आठ ते बारा.'

ऋतिका जवळजवळ उडीच मारायची राहिली. तो दवाखाना उत्तर वेशीला लागून होता, तिच्या आजीचा जन्म तिथला. म्हणजे जागा नक्की झाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. सावल्या लांब आहेत म्हणजे सकाळची वेळ असणार, असंही मी वर म्हणाले. ते अजून माझ्या कानात आहे.

'काय हाय तितं?' अनसाबाईंनी विचारलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं. पण आता बोट फोटोवर होतं.

'दवाखाना?' त्या उठून उभ्या राहिल्या. 'कुठं?' मी बोट काढून घेतलं, पण त्यांनी जागा बघून ठेवली होती. त्या पाटीपासून घोडीच्या शेपटीपर्यंत त्यांनी नजरेने अंतर मोजलं, कळप बघावा तसं. दहा पावलं असतील. दारात एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. तीही धूसर, पण होती.

'तवा तिचं अंग कढत व्हतं,' त्या म्हणाल्या. 'आमी दवाखान्याच्या दारात उभं व्हतो. आन् म्या तिचं तोंड झाकीत व्हते.'

मी खूप काही बोलले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्हाला कसं कळणार. त्या काळी औषधं तरी कुठे वेळेवर मिळायची. डॉक्टरने बघूनही कदाचित काही झालं नसतं. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. सेहेचाळीस वर्षं त्यांनी एका पापणीएवढ्या उशिराचा दोष वाहिला होता. तो मघाशी उतरला, आणि फरशीवरून उठायच्या आत मी त्यांच्या पाठीवर दुसरा लादला. नजरेला निदान उतारा असतो.

निघताना धनश्रीने विचारलं, मावशी, फोटोजवळ तुमचा एक काढू का? त्यांनी पाठ फिरवली नाही. 'काढ,' म्हणाल्या. तो फोटो माझ्याकडे आहे. त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघत आहेत, डोळे पूर्ण उघडे. आता कशाला घाबरायचं, असं ते डोळे म्हणतात. मला तो फोटो बघवत नाही.

गाडीत बसताना त्यांनी आम्हाला मोजलं नाही. रविराजने दोन दिवसांच्या सवयीने विचारलं, 'मावशी, आल्या का सगळ्या?' शेवटी मी मोजलं, एक दोन तीन करत. सात होतो.

गुढीपाडव्याच्या आसपास सविताचा नातू रडायला लागला आणि थांबेना. सून त्याला घेऊन अनसाबाईंच्या दारात गेली. मी गॅलरीतून बघत होते. अनसाबाईंनी मीठ-मोहरीचा डबा काढला नाही. बाळाच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावली आणि म्हणाल्या, 'कढत हाय. उचल.' मग डोक्यावर पदर घेऊन स्वतः पुढे निघाल्या, सून मागून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे रांग होती. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ल्हान लेकरू हाय, आधी बघा. नंबर काही लवकर लागला नाही, पण त्या दोन तास बाकावरून हलल्या नाहीत, असं सून नंतर म्हणाली. बाळाला कानाचा त्रास होता, दोन दिवसांत बरं झालं.

तेव्हापासून त्या दृष्ट काढत नाहीत. कोणी गेलंच तर सोबत डॉक्टरांकडे जातात. गल्लीत बायका म्हणतात, मावशींचा हात गेला.

मे महिन्यात ऋतिकाचं पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. फोटोची प्रत आणि नव्या पाटीचा कागद. मी तो अनसाबाईंना वाचून दाखवला: अनसाबाई आणि त्यांची नऊ महिन्यांची मुलगी सुंदरा. उत्तर वेस. मूल घोंगड्याखाली आहे. मी मुद्दाम तिथेच थांबले. पुढे दवाखान्याचा उल्लेख होता. त्या म्हणाल्या, पुढचं बी वाचा. वाचलं.

मला वाटलं, आता सुंदराचं नाव कागदावर कुठे आहे ते विचारतील. मी बोट ठेवायला तयार होते. त्यांनी विचारलं, 'दवाखाना कसा लिवत्यात?'

मी म्हणाले, आधी सुंदरा लिहून दाखवते. त्या म्हणाल्या, तिचं नाव मला वाचायची काय गरज हाय.

मग मी ओट्यावर खडूने तो शब्द मोठा लिहिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. अक्षरं सुटी करून सांगू लागले तर नको म्हणाल्या. मेंढरू जसं एकेक पाय बघून ओळखत नाहीत, तसं त्यांना सगळं मिळूनच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी पुसला गेला होता, तर पुन्हा लिहून घेतला. चार दिवस.

गेल्या आठवड्यात दौंडला माझ्या भावाकडे कार्यक्रम होता आणि त्यांना गावी जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीने निघालो. त्या खिडकीशी. शिरूर सुटलं, न्हावरा गेलं, उसाच्या ट्रॉल्या, मधली छोटी गावं. मी पेंगत होते. दौंड जवळ आल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

'नऊ हायती,' त्या म्हणाल्या. 'शिरूरपासून हितवर नऊ दवाखानं. समदं रस्त्याला लागून.'

आकडे त्यांना जेमतेम येतात. तो एक शब्द मात्र आता चालत्या गाडीतूनही वाचता येतो.